आमची घरपट्टी घ्या

"सुजाता, भांडण कुठंय? मेरेको भांडण दिख नहीं रहा!"

फारूक सर माझ्या कानात ओरडत होते. कानात म्हणजे टॉकबॅकमध्ये. लाइव्ह कार्यक्रमात अँकरच्या कानात एक बारीकसं यंत्र असतं. कंट्रोल रूममधला माणूस त्यातून बोलतो आणि प्रेक्षकांना ते ऐकू येत नाही. आमचं यूट्यूब चॅनल छोटं आहे. मुकुंदवाडीतल्या एका फ्लॅटचा हॉल म्हणजे स्टुडिओ, स्वयंपाकघर म्हणजे कंट्रोल रूम. फारूक सर मालकही आणि संपादकही. ते ओरडले की टॉकबॅकची गरज पडत नाही, भिंतीतूनही ऐकू येतं.

ओरडण्यासारखंच झालं होतं. वादासाठी मी दोन पाहुणे बोलावले होते. एक कर भरणाऱ्यांच्या बाजूनं, एक आदिवासींच्या बाजूनं. लाइव्ह जेमतेम रंगात आलं होतं आणि माझ्या डोळ्यांदेखत दोघांचं पटायला लागलं होतं.

त्या आठवड्यात शहरात एकच विषय होता. आदिवासी वसतिगृहातल्या मुलांनी भत्ता थकला म्हणून मोर्चा काढला. रस्ता अडला, गाड्या अडकल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरला: आम्ही टॅक्स भरायचा आणि यांनी बसून खायचं, किती दिवस? माझं डोकं तापलं. मी ज्या घरात वाढले तिथं पाहुण्याच्या हातात चहाच्या आधी चळवळीचं पत्रक पडायचं. असला मेसेज वाचून पुढं सरकणं मला जमत नाही.

सर खूश होते. "सब्जेक्ट गरम है. टायटल लिखो: टॅक्स आमचा, ऐश त्यांची!"

"सर, 'ऐश' काढा. नाहीतर दुसरी अँकर बघा."

"दुसरी है किधर? बोल, क्या लिखू?"

"हक्क लिहा."

शेवटी 'टॅक्स आमचा, हक्क कुणाचा?' यावर तडजोड झाली.

एका खुर्चीत होते विलास वाकळे. वाकळे शेठचं शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. छोट्या कारखानदारांनी कर भरणाऱ्यांची एक संघटना काढलीय, तिचे ते अध्यक्ष. तो मेसेज त्यांनीच तीन-चार ग्रुपांवर टाकला होता. दुसऱ्या खुर्चीत जमनाबाई बरडे. फर्दापूरकडं, लेण्यांच्या रस्त्यावरच्या एका गावाबाहेर गायरानावर भिल्लांची वस्ती आहे, तिथल्या. नवऱ्याबरोबर धरणात मासे धरायचे आणि हायवेवरच्या ढाब्यांना विकायचे, हा त्यांचा धंदा. ढाबेवाल्यांशी रोज भाव करून त्यांच्या जिभेला चांगली धार आलेली होती.

कार्यक्रमाआधी पाहुण्यांशी बोलून घेतात, त्याला प्री-इंटरव्ह्यू म्हणतात. मी जमनाबाईंना पढवलं होतं. "मावशी, तुम्ही साबण घेता, तेल घेता, मोबाइलचं रिचार्ज मारता. सगळ्यावर जीएसटी जातो. म्हणजे तुम्हीही टॅक्स भरता. ते म्हणाले फुकट, की तुम्ही हे बोला."

"बोलते की," त्या म्हणाल्या. "त्यात काय लई अवघड हाय?"

लाइव्ह सुरू झालं. वाकळे शेठ पहिल्या वाक्यापासून तापले होते.

"मॅडम, मी कुणाच्या जातीवर बोलत नाही. मी पैशावर बोलतो. जीएसटी मी भरतो, इन्कमटॅक्स मी भरतो. एक दिवस उशीर झाला की दंड. आणि तिकडं भत्ता फुकट, घर फुकट. माझं म्हणणं साधं आहे. एक रुपया भरा, पण भरा. पावती दाखवा आणि मग हक्क मागा."

मी जमनाबाईंकडं पाहिलं. साबण, तेल, रिचार्ज. मी डोळ्यांनी खुणावत होते.

जमनाबाई म्हणाल्या, "पावतीच तर मागतोय शेठ. देत नाय ना कुणी."

"कोण देत नाही?"

"पंचायत. घरपट्टीचे पैसे घेऊन गेलो, तर ग्रामसेवक म्हणला, ठेव परत कमरंला. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. मालकाला म्हणलं, आपल्या नोटा का खोट्या हायेत?"

वाकळे शेठ खुर्चीत पुढं सरकले. "थांबा. तुम्ही कर भरायला गेला आणि त्यांनी घेतला नाही?"

"नाय घेतला."

"घेतला नाही म्हणजे? असं कसं घेतला नाही? मला इथं एका दिवसावरून नोटीस येते, अन् हे भरायला आलेल्या माणसाला परत पाठवतात? कोण आहे हा ग्रामसेवक?"

हीच ती वेळ, जेव्हा फारूक सरांनी भांडण कुठंय म्हणून विचारलं.

घरपट्टी म्हणजे ग्रामपंचायत घरावर लावते तो कर. तो लावायचा तर ते घर आधी पंचायतीच्या दप्तरी चढवावं लागतं. त्याचा उतारा निघतो, त्याला नमुना आठ म्हणतात. जमनाबाईंचं नाव आदिवासींच्या घरकुल योजनेत आलं होतं. पत्र्याच्या खोपीऐवजी पक्कं घर. पण फाइलला उतारा हवा होता. महिनाअखेरीला उतारा आला नाही तर त्यांचं नाव गळणार आणि यादीतलं पुढचं नाव लागणार. आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयातून तसं स्पष्ट सांगितलं होतं. कर घेतला जात नाही म्हणून उतारा नाही, उतारा नाही म्हणून घर नाही.

"झगडा लगा उनमें," कानात आवाज आला. मी नोकरीला जागले. म्हटलं, "पण वाकळे शेठ, तुमचा तर घरकुलालाच विरोध आहे ना?"

"आहे! आणि राहील. सरकारनं घरं वाटू नयेत."

"राहू द्या की," जमनाबाई म्हणाल्या. "तुमचा इरोध तुमच्याकडं ठेवा. आमाला पावती मिळवून द्या. एकदा पट्टी भरली की जागा आमच्या नावावर झाली."

"नाही, नाही. तसं नाही होत." वाकळे शेठनी हात हलवला. "घरपट्टी भरली म्हणून जागेची मालकी येत नाही. अतिक्रमणातल्या घरावरही कर लावता येतो. मालकीचा प्रश्न वेगळा."

जमनाबाई त्यांच्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "मालकी नाय, तर मग भरायची कशाला?"

"तुम्ही तिथं राहता हे त्यांना कबूल करावं लागतं, म्हणून."

हे वाक्य खरं तर मी बोलायला हवं होतं. ते बोलले वाकळे शेठ! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हातात प्रश्नांचे कागद होते.

तेवढ्यात फारूक सरांचा सूर बदलला. "सुजाता, फोन है. उनके गाँव से. ले रहा हूँ."

स्पीकरवर जाड आवाज आला. "नमस्कार. सरपंच बोलतोय."

"हे सरपंच नायेत," जमनाबाई लगेच म्हणाल्या. "सरपंच बाई हायेत. हे त्यांचे मालक. भाऊसाहेब, राम राम!"

"राम राम. हे बघा मॅडम, तुम्ही एकतर्फी दाखवू नका. त्या लोकांवर आमचा राग नाही. गरीब माणसं आहेत, म्हणून आम्ही त्यांना पट्टी माफ केलीय. मायेपोटी."

"माफीचा ठराव आहे?" वाकळे शेठ कडाडले.

"ठराव कशाला? तोंडी आहे. आता मायेचा काय ठराव करतात का?"

"माझ्यावर पण जरा माया करायला सांगा कुणाला तरी!"

कॅमेऱ्यामागून कॅमेरामनच्या हसण्याचा आवाज आला. जमनाबाई मात्र हसल्या नाहीत. माइकच्या अगदी जवळ जाऊन त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, माया लई झाली. आता पावती द्या."

मी ते हातातल्या कागदावर टिपून घेतलं. मी भाषणं लिहिते, घोषणा लिहिते. असं वाक्य माझ्या हातून कधी उतरलेलं नाही.

भाऊसाहेबांचा आवाज चढला. "स्टुडिओत बसून बोलायला काय जातंय? मंगळवारी ग्रामसभा आहे. हिंमत असली तर तिथं येऊन बोला."

फारूक सर आता टॉकबॅक विसरून थेट दारातच आले होते. लाइव्ह चालू असताना हातवारे करून मला सांगत होते: हो म्हण, हो म्हण, गाडी निकालते अपन!

मंगळवारी आम्ही गेलो. वाकळे शेठ स्वतःच्या गाडीनं आले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. सभा शाळेसमोरच्या पटांगणात होती. वस्तीवरची बायामाणसं एका बाजूला, उभी. त्यांना सतरंजीवर बसा म्हणायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्याकडं कॅमेरा आहे म्हणून जमनाबाईंना जोर आला की काय, कोण जाणे. त्या सरळ चालत गेल्या आणि मधोमध बसल्या. मग सगळी वस्ती बसली.

विषय निघाला तसा गलका झाला.

"आज पट्टी लावा, उद्या सातबारा मागतील!"

"गुरं कुठं चारायची आम्ही?"

"रस्त्याला लागून जागा आहे. तिथं गाळे काढायचं ठरलंय पंचायतीचं."

हे शेवटचं बोलणाऱ्याला भाऊसाहेबांनी कोपर मारलं, पण कॅमेऱ्यात ते आलं होतं. लेणी पाहायला जाणाऱ्या गाड्या त्याच रस्त्यानं जातात. माया कशाची होती ते सगळ्या पटांगणाला कळलं.

मी माइक घेऊन उठणार होते. चांगलं दहा मिनिटांचं डोक्यात तयार होतं. वाकळे शेठ आधी उठले.

"मंडळी, मी शेतकऱ्याचाच पोरगा आहे. आमच्याकडं गायरान होतं, आता कारखाने आहेत. गुरांची काळजी तेव्हा कुणाला आठवली नाही, मलासुद्धा. ते जाऊ द्या. माझी एकच मागणी आहे. ही माणसं कर द्यायला आलीत. घ्यायचा नसेल तर नका घेऊ. पण इतिवृत्तात लिहा की ही माणसं कर द्यायला तयार आहेत आणि पंचायत घ्यायला तयार नाही. खाली सही करा. मी फोटो काढतो आणि जातो."

इतिवृत्त म्हणजे सभेत काय झालं त्याची अधिकृत नोंद. ती पुढं तपासणीला जाते आणि त्यात काही चुकीचं निघालं तर सही करणाराच अडकतो. ग्रामसेवक तरुण होता. त्यानं पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं.

"लिहा की," जमनाबाई म्हणाल्या.

त्यानं सरपंचबाईंकडं पाहिलं. सरपंचबाई नवऱ्याकडं पाहत होत्या आणि भाऊसाहेब कॅमेऱ्याकडं. तेवढ्यात सरपंचबाईच म्हणाल्या, "सही मला करायचीय. त्यांना नाही. मी असं लिहिलेल्यावर सही करणार नाही. मोजा घरं."

"अगं…" भाऊसाहेब म्हणाले.

"मोजा म्हणलं ना."

आणि मग जे झालं ते मी आजवर कुठल्या मोर्चात पाहिलेलं नाही! ग्रामसेवकाच्या हातात टेप, त्याच्या मागं सगळी वस्ती, वस्तीच्या मागं निम्मं गाव. आकारणी करायची तर घराची लांबी-रुंदी घ्यावी लागते. टेपचं दुसरं टोक वाकळे शेठनी धरलं. पांढरा शर्ट शेणानं सारवलेल्या कुडाच्या भिंतीला घासत होता, त्यांना पर्वा नव्हती.

"माझं आधी मोजा!"

"आवो सायेब, हिकडं! हे बी घरच हाय!"

"नीट ताणून धरा शेठ, कमी भरलं!"

जमनाबाईंचं मोजून झालं तशा त्या आडव्या आल्या. "शेळ्यांचं छप्पर ऱ्हायलं की."

ग्रामसेवक म्हणाला, "मावशी, ते धरलं तर पट्टी वाढेल."

"वाढू दे. ते बी आमचंच हाय."

फारूक सर स्वतः कॅमेरा खांद्यावर घेऊन उलटे चालत होते. एका चुलीला धडकले, पडता पडता वाचले आणि हसत सुटले. "सुजाता, ये देख! लोगाँ टॅक्स लगवाने को लाइन लगा रहे! कभी देखी क्या?"

पुढं काय झालं ते सांगते. जमनाबाईंना पावती मिळाली आणि उतारा महिनाअखेरीच्या आत फाइलला लागला. घरकुल मंजूर झालं. जागेच्या मालकीवरून अजून पत्रव्यवहार चालू आहे, पण नाव गळलं नाही. वस्तीतल्या बाकीच्या काही घरांवर गावातल्या दोघांनी हरकत घेतली आहे. त्यांच्या पावत्या अडकल्यात. आम्ही पाठपुरावा करतोय. वाकळे शेठही करतात, त्यांच्या संघटनेच्या लेटरहेडवर. घरकुल वाटू नये हे त्यांचं मत तसूभरही हललेलं नाही. वसतिगृहाच्या भत्त्यावरून परवाच माझं आणि त्यांचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं. मी तावातावानं बोलले, तेही. फोन ठेवताना म्हणाले, "हरकतीच्या सुनावणीची तारीख कळली की सांगा, मी येतो."

आमच्या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना एवढंच सांगेन. पाहुण्यांचं पटायला लागलं तर घाबरू नका. फोनची लाइन मोकळी ठेवा. भांडण ज्याला हवं असतं, तो स्वतःच फोन करतो.