फळक्याची बिजागरी

तापल्या पत्र्यावरून निथळणाऱ्या तेलाला एक गोडसर, किंचित करपट वास असतो. उन्हाळ्याच्या दुपारी पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपच्या छपराखाली तो इतका दाटतो, की नुसते दाराशी उभे राहिले तरी जिभेवर उतरतो. एकवीस वर्षे मी तो वास ओढणीत, केसांत घेऊन केडगावच्या घरी परतते आहे. आरंभी त्याचा अभिमान वाटे. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईने नाक मुरडले तरी आपण काहीतरी घडवून आलो आहोत, अशी एक ऊब मनात असे. आता मात्र फाल्गुन सरता सरता वारे तापू लागले, की तो वास मला एका ठरावीक दुपारी नेऊन सोडतो, आणि तिथून परतण्याची वाट मला अजून नीटशी सापडलेली नाही.

नगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात पत्रा दाबून गाड्यांचे लहानमोठे भाग घडवतात. कागदावरचा नवा भाग लोखंडात उतरवण्याचे काम माझ्या विभागाकडे असते. त्यातली सर्वांत मानाची वस्तू म्हणजे एका अमेरिकी पिकअपच्या मागच्या फळक्याची बिजागरी. पिकअप म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर कांद्याच्या गोण्या, नाहीतर लग्नाचे वऱ्हाड घेऊन राहुरीच्या रस्त्याने धावणारी ठेंगणी गाडी येते. ही तशी नव्हे. तिचे बॉनेट माझ्या खांद्याला लागेल, केबिनमध्ये पाच-सहा माणसे पाय पसरून बसतील, आणि एवढा थोरला मागचा हौदा बहुतेक वेळा रिकामाच असतो, असे तिकडे जाऊन आलेले आमचे साहेब सांगत. मी ती गाडी कधी प्रत्यक्ष पाहिली नाही. मी तिची बिजागरी तेवढी पाहिली, तीन पिढ्यांची.

पहिल्या पिढीची बिजागरी तळहातावर मावे. फळका मोकळा करून खाली पाडायचा, एवढेच तिचे काम. पुढच्या पिढीत गाडी रुंदावली, फळका जड झाला, बिजागरीला जाड पत्रा आणि आणखी एक पट्टी आली. तिसऱ्या पिढीची ड्रॉइंग्ज आली तेव्हा आम्ही सारेच त्यांच्याभोवती गोळा झालो. आता तो फळका खालीही पडणार होता, दारासारखा बाजूलाही उघडणार होता, आणि त्याच्या पोटातून चढायला एक पायरी बाहेर येणार होती. धिप्पाड माणसाचा भार बिजागरीने न कुरकुरता पेलायचा होता. का, हे कोणी विचारले नाही. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीहून मोठी, हे त्या गाडीपुरते गृहीतच होते, आणि तिच्या वाढण्यावर आमची नोकरी वाढत होती.

ती बिजागरी खऱ्या अर्थाने जन्माला घातली जालिंदरभाऊंनी. जालिंदरभाऊ आमचे डाय-फिटर. साचा जुळवणारे, घासणारे, त्यातली खोट दूर करणारे. राहुरीच्या पुढच्या एका गावाहून ते रोज मोटारसायकलने येत. मी पहिल्यांदा या कारखान्यात आले, तेव्हा पदवीच्या कागदापलीकडे मला फारसे काही ठाऊक नव्हते, आणि बाईमाणूस प्रेस शॉपमध्ये काय करणार, हा प्रश्न कोणी बोलून दाखवत नसले तरी प्रत्येकाच्या नजरेत असे. त्यांच्या नजरेत तो नव्हता. त्यांनी मला प्रेसचा आवाज ऐकायला शिकवले. साचा नीट बसला असेल तर आघाताचा आवाज भरीव येतो, कुठे अडत असेल तर त्याला एक फुटकी किनार येते, हे त्यांच्याशेजारी उभे राहून मी शिकले. त्यांच्या उजव्या हाताची बोटे साच्याच्या कडेवरून फिरू लागली, की माझ्या मोजमापाच्या यंत्राआधी त्यांना उत्तर मिळालेले असे.

तिसऱ्या पिढीचा पत्रा हट्टी होता. साच्यात दाबला की वाकल्यासारखा करी, आणि दाब सुटताच किंचित मागे सरे. तो किंचितपणा केसाएवढा असला, तरी फळक्याच्या टोकाशी पोचेपर्यंत बोटभर होई. पंधरा दिवस जालिंदरभाऊ साचा घाशीत होते. गाडीच्या कंपनीचा तिकडचा इंजिनिअर आठवड्यातून दोनदा संगणकाच्या पडद्यावर येई. मृदू बोलणारा, आधी माझी विचारपूस करणारा मनुष्य. नमुन्याची पहिली गाडी जुळवायची आहे, तुमचे नमुने शुक्रवारी निघतील ना, एवढे विचारी. मी दर वेळी हो म्हणे.

तो गुरुवार होता. प्रेसच्या तोंडापुढे अदृश्य किरणांचा एक पडदा असतो. हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. चाचणीत जालिंदरभाऊंना पत्रा आत धरून कोपरा तपासावा लागे, आणि प्रत्येक खेपेला प्रेस थांबे, पुन्हा सुरू करावी लागे. तो सेन्सर बंद करण्याची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असे.

"सेन्सर चालू ठिवून व्हईल, म्याडम," ते म्हणाले. "पर चार दिवस लागतील अजून."

"चार दिवस नाहीत आपल्याकडे, भाऊ," मी म्हटले, आणि खण उघडून किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

यापलीकडे काही घडले नाही. त्यांनी ती मागितली नव्हती. मी दरडावलेही नव्हते. चहाचा कप पुढे सरकवावा तितक्या सहजपणे मी ती दिली, आणि तितक्याच सहजपणे त्यांनी घेतली.

दुपारच्या जेवणानंतर, बाहेर पळसाची शेवटची फुले उन्हात वाळत असताना, प्रेस एकदा खाली आली, वर गेली, आणि कोणी बटण न दाबता पुन्हा खाली आली. मी वीस पावलांवर होते. मला तो आवाज ऐकू आला आणि त्याची किनारही ऐकू आली, कारण ती ऐकायला मला शिकवलेले होते. उजव्या हाताची चार बोटे गेली. जालिंदरभाऊ ओरडले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी मनगट धरले आणि खाली बसले, पाटावर बसावे तसे सावकाश.

त्यांना दवाखान्यात नेले. मी गाडीत चढणार, तोच साहेबांनी मला थांबवले. नमुन्यांचा डबा भरायचा होता. ठरल्या संख्येला दोन नग कमी होते, पण तेवढे चालणार होते. मोजमापाच्या कागदावर माझी सही लागणार होती. मी प्रत्येक बिजागरी पुसली, तेलकट कागदात गुंडाळली, आणि पाच वाजता, ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर असताना, सर्व मापे योग्य असल्याची सही केली. मापे खरोखरच योग्य होती. इतकी निर्दोष बिजागरी आम्ही त्याआधी बनवली नव्हती.

चौकशी झाली. किल्ली कोणी दिली, हा तिच्यातला एकमेव खरा प्रश्न होता, आणि तो मला विचारला जाण्याआधीच जालिंदरभाऊंनी पलंगावरून जबाब दिला होता: म्याडम जागेवर नव्हत्या, खणातून किल्ली मीच घेतली. साहेबांनी तो कागद मला वाचायला दिला आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. मी वाचला आणि परत केला. त्या परत करण्यात जे होते, ते मी केलेल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीहून मोठे होते, किल्ली देण्याहूनही.

चैत्रात मी त्यांच्या घरी गेले. दारातला कडुनिंब मोहरलेला होता, अंगणभर त्याचा कडसर सुगंध होता, आणि साखर कारखान्याचा हंगाम संपत आल्याने वाऱ्यावर मळीचा आंबूस दर्पही मधूनच येई. त्यांच्या पत्नीने, कमलवहिनींनी, पाणी आणून ठेवले, बसा म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. जालिंदरभाऊ बाजेवर बसले होते. पट्ट्यांनी बांधलेला हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाची तरी वस्तू सांभाळावी तसा.

मी विचारले, "भाऊ, तुम्ही असा जबाब का दिला?"

त्यांनी पाण्याचा पेला डाव्या हाताने माझ्याकडे सरकवला.

"खरं सांगितलं असतं तर तुमाला काढलं असतं," ते म्हणाले. "मग मला परत आत घ्या म्हननारं कोन राहिलं असतं? डाव्या हाताचा फिटर कोनाला पायजे?"

मी क्षमेची तयारी करून गेले होते. रागाचीही केली होती. हा हिशेबीपणा, एखादा साचा जुळवावा इतका अचूक, मी अपेक्षिला नव्हता. त्यांनी मला वाचवले नव्हते. त्यांनी मला एका जागी बसवले होते, आपल्या कामासाठी.

आणि मी ते काम केले. सहा महिन्यांनी साच्यांच्या गोदामात त्यांना जागा मिळवून दिली. लोखंडी मांडण्यांवर ठेवलेल्या साच्यांना चिठ्ठ्या बांधायच्या, कोणता गेला, कोणता आला ते लिहायचे. डाव्या हाताने ते अक्षरे काढू लागले. आरंभी ती एकमेकांवर कोसळत, मग हळूहळू उभी राहिली. गोदामाला खिडकी नाही. दिवसभर तिथे ट्यूबलाइटचा पांढुरका उजेड असतो, ज्यात माणूस आजारी दिसतो आणि लोखंड निरोगी.

ती गाडी बाजारात आली, तेव्हा कॅन्टीनमध्ये भिंतीवर तिची जाहिरात दाखवली. बर्फाचे डोंगर, निळसर पहाट, आणि त्या विस्तीर्ण शुभ्रतेत एकटी उभी ती प्रचंड गाडी. एक मनुष्य मागे येतो, फळका दारासारखा उघडतो, पायरी बाहेर सरकते, आणि तिच्यावरून त्याचा म्हातारा कुत्रा हौद्यात चढतो. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. जालिंदरभाऊ शेवटच्या बाकावर होते. लोक पांगल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, तेवढं फळक्याचं परत दावा. मी मोबाईलवर ते दृश्य लावले. त्यांनी तीनदा पाहिले, फोन कानाशी नेऊन एकदा नुसते ऐकले.

"बिजागरी दिसत न्हाई," ते म्हणाले. "पर आवाज न्हाई उघडताना. बराबर बसलीय."

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. ते पाहणे मला त्या दुपारहून जड गेले.

त्यानंतर आठवडाभराने मी साहेबांना लेखी कळवले, की किल्ली मी दिली होती, मी जागेवर होते. त्यांनी कागद वाचला, चौकशी केव्हाच संपली आहे असे सौम्यपणे सांगितले, आणि तो एका फायलीत सरकवला. काही झाले नाही. मी मनाशी शिक्षेची जी जी रूपे रंगवली होती, त्यांतले एकही आले नाही. गोदामात जाऊन जालिंदरभाऊंना सांगितले, तेव्हा ते चिठ्ठी लिहीत होते. त्यांनी लिहिणे थांबवले नाही.

"आता कशाला लिवलं?" ते म्हणाले. "तुमाला बरं वाटावं म्हनून?"

पुढे कितीतरी महिने आम्ही कामापुरतेच बोललो.

यंदा त्या गाडीची नवी पिढी आली आहे. पुन्हा ड्रॉइंग्ज आली, पुन्हा पत्रा हट्टी निघाला, पुन्हा साचा वेळेत बसेना. ती किल्ली आता माझ्या खणात नसते, आणि असती तरी काय झाले असते, याची खात्री मी कोणाला देऊ शकणार नाही. या खेपेस मी त्याच मृदू बोलणाऱ्या इंजिनिअरला पत्र धाडले: नमुने आठ दिवस उशिरा येतील. दहा मिनिटांत उत्तर आले. काही अडचण नाही, वेळेवर सांगितल्याबद्दल आभार.

एवढेच. मी ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचले. बाहेर ऊन पांढरे झाले होते, आवारातल्या गुलमोहराच्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या. त्या वेळी मी विचारले असते तर असेच उत्तर आले असते की नाही, हे आता कळण्याचा मार्ग नाही. मी विचारले नव्हते, एवढेच निश्चित आहे. इतक्या वर्षांत घाई तिकडची, दडपण तिकडचे, असे मी मनोमन म्हणत आले होते, आणि तिकडे कदाचित कोणीच घाईत नव्हते.

ड्रॉइंग घेऊन मी गोदामात गेले. जुना साचा तिथून काढायचा होता. जालिंदरभाऊंनी कागद टेबलावर पसरला, त्याचा उलटणारा कोपरा उजव्या हाताच्या उरलेल्या अंगठ्याने दाबून धरला, आणि डाव्या हाताचे बोट रेषेवरून नेत नेत ते एका वळणाशी थांबले. इथे पत्रा फाटेल, ते म्हणाले. इथे गोलाई वाढवायला सांगा. मला ते सुचले नव्हते.

"कवा पाठवायचं हाय?" त्यांनी विचारले.

"घाई नाही," मी म्हटले. "आठ दिवस मागून घेतलेत."

त्यांचे बोट कागदावरच राहिले. त्यांनी मान वर केली नाही. छताशी ट्यूबलाइट गुणगुणत होती. "दिले त्यांनी?" एवढेच त्यांनी विचारले. मी हो म्हटले. मग तो कागद त्यांनी सावकाश, एका हाताने, घडीवर घडी घालून दुमडला आणि माझ्यापुढे धरला. मी तो घेतला. पण दाराकडे वळावे की तिथेच उभे राहावे, हे मला काही केल्या ठरवता येईना.