पऱ्हाटीच्या पोटात

पुंजाजी नांदुऱ्याजवळच्या सरकारी मळ्यात कामाला होता. वस्तऱ्याने तो रोपाच्या खोडाची अशी पातळ चकती काढायचा की मळ्याचे वामनराव साहेबही मान डोलवायचे. ती काचेवर ठेवून साहेब सूक्ष्मदर्शकातून बघत, मग पुंजाजीला बघू देत. पहिल्या दिवशी तर हा गडी जेवायचंच विसरला होता.

स्वराज्य आल्यावर दोन वर्षांनी मळ्यात तण मारायचं नवं औषध आलं. ज्वारी उभी राही, तण तेवढं पिळवटून मरे. त्या तणाच्या चकत्या पुंजाजीनेच कापल्या. अन्नपाणी वाहणाऱ्या नळ्या चेपलेल्या, भोवतीच्या पेशी वेड्यावाकड्या सुजलेल्या.

त्याच सुमारास थोरल्या बहिणीच्या, गोजरबाईच्या पऱ्हाटीवर मावा पडला. पुंजाजीने मळ्यातला फवारणीचा पंप विचारून नेला, नुसत्या पाण्याने विसळला आणि तंबाखूचं पाणी मारून दिलं. पंधरा दिवसांत कपाशीची पानं बोटांसारखी चिंचोळी झाली, शेंडे वळले.

गोजरबाईला कारण लगेच सापडलं, तिची सून. "शालू विटाळाची वावरात गेली होती. तिले माहेरी धाडून द्याचं. यंदा सीतादईले तिचा हात नको."

सीतादई म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा. दहीभात वाहायचा आणि घरच्या सुनेने पहिला कापूस वेचायचा. शालूबाई बोचकं बांधू लागली. एक वळलेलं झाड उपटून पुंजाजी तडक मळ्यात गेला, चकती काढली, डोळा लावला. त्याच चेपलेल्या नळ्या! त्याने वस्तरा खाली ठेवला. गावात शहाणा म्हणून मिरवत होता ना!

तरी तो परत आला. "बाई, सुनेचा दोष नाही. पंप मी नीट धुतला नाही, तणाचं औषध त्यात राह्यलं होतं."

"तिच्यासाठी खोटं बोलून राह्यला तू."

"चाल, डोळ्यानं पाह्य."

गोजरबाई कुरकुरत मळ्यात आली. तणाची चकती पाहिली, पऱ्हाटीची पाहिली, पुन्हा तणाची पाहिली. मग म्हणाली, "विटाळ तुह्या पंपाले होता त."

बोचकं सुटलं. पऱ्हाटीला उशिरा का होईना, नवे फुटवे आले, थोडीफार बोंडं धरली. सीतादईच्या दिवशी गोजरबाईने दह्याची वाटी स्वतः शालूच्या हातात ठेवली. पुंजाजी हौसेने वावरात शिरू लागला, तशी ती ओरडली, "तू नाही बे! तू धुऱ्यावरच थांब."

पुंजाजी बांधावर थांबला. कापूस वेचता वेचता शालूबाई पदराआड हसली.