दोन टीव्ही, एक खोली आणि आंब्यांची अढी

आमच्या घरी एका खोलीत दोन टीव्ही आहेत, कारण दुसऱ्या खोलीत आंबे राहतात.

भाट्याच्या आमच्या बागेतल्या कलमांचे आंबे उतरले की तेथे पेंढ्यात ते पिकवायची अढी लागते आणि माणसे हॉलमध्ये हद्दपार होतात. यंदा माझे वडील आप्पा यांच्या राजकीय चर्चा आणि माझी पत्नी सुलभा हिच्या मालिका यांच्यात रिमोटवरून असे युद्ध पेटले, की दोघांनी अबोला धरला. निरोप्याचे काम माझ्याकडे आले.

“चहा झालाय म्हणावं.”

“साखर कमी पडलीय म्हणावं.”

(दोघे एकमेकांपासून दोन हातांवर!)

तहासाठी मी आप्पांना वेगळा टीव्ही आणून दिला. गोंगाट दुप्पट झाला! तेव्हा मी जाहीर केले, “सराउंड साउंड! प्रत्येकाला चहूबाजूंनी आपलाच आवाज. शेजारच्याला कणभरही नाही.”

“अहो, त्यापेक्षा कानात घालायचं ते एक आणा की.”

मी मंद हसलो. अज्ञानाकडे पाहून मी असाच हसत असे. शाळेत ध्वनिशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली होती. दुकानदार जोडणीला माणूस पाठवतो म्हणाला, त्यालाही हसलो.

आप्पांच्या आरामखुर्चीभोवती चार स्पीकर, सुलभाच्या दिवाणाभोवती चार. टीव्हीमागच्या कोळिष्टकांत पोटावर पडून मी वायरी जोडल्या आणि बटण दाबले.

आप्पांच्या पडद्यावर एका पक्षाचा प्रवक्ता बोट नाचवत हुंदके देऊ लागला, “आई, मी या घरची सून आहे हो!”

तिकडे सुलभाची नायिका पदर सावरत गरजली, “या घोटाळ्याचं उत्तर जनतेला द्यावंच लागेल!”

टीव्हीमागून बसणाऱ्यांकडे तोंड केले, की आपले डावे ते त्यांचे उजवे होते आणि वायरींची अदलाबदल होते. हे चौथीतल्या मुलाला कळते. मी वरच्या वर्गांना शिकवत असे.

“थांबा, बदलतो,” मी पुटपुटलो.

“हात लावशील तर बघ, मेल्या!” आप्पा कडाडले. “गो सुलभे, ही रडतेय ती कोण?”

अबोला मोडला होता!

“थोरली सून, आप्पा. दागिने धाकटीनं चोरले, आळ हिच्यावर.”

“आणि सासरा काय करतोय? झोपलाय?”

“या, इकडे दिवाणावर बसा. तोंडंही दिसतील.”

आप्पा उठले. जाता जाता त्यांनी प्रवक्त्याचा गळा बटणाने दाबला.

“मग त्या रिकाम्या टीव्हीवर मी क्रिकेट...” मी नम्रपणे सुरुवात केली.

“गप!” दोघे एकदम ओरडले. सबंध हंगामातले हे त्यांचे पहिले एकमत.

हल्ली मी आंब्यांच्या खोलीत पेंढ्यापाशी बसतो आणि कानात घालायचे ते घालून मोबाईलवर सामना पाहतो. काल शेवटच्या चेंडूवर षटकार बसला. मी काहीतरी बोललो असेन. कानात दुसराच आवाज भरला असता आपला आवाज किती चढला ते उमगत नाही (हेही मीच शिकवत असे). कानातले काढले, तर हॉलमधून आप्पा गरजत होते, “गो सुलभे, हा तिसरा टीव्ही कुणी लावला? बंद कर आधी!”

“तो आपला जुनाच आहे, आप्पा,” सुलभा शांतपणे म्हणाली. “डावं-उजवं कळत नाही त्याला.”