पावडरवाले नाना

आमच्या शेजारच्या पावडरवाल्या नानांना कसलाच वास येत नसे. दूध उतू जाऊन करपलं तरी हे चुलीपुढे खुशाल बसलेले. "मनं नाक पावडरनी खाई टाकं," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

मी लग्न होऊन एरंडोलजवळच्या त्या गावात आले, तेव्हा किडीवरची पांढरी पावडर नुकतीच येऊ लागली होती. ती जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायची आणि पानांवर दव असताना झटकायची. हे काम नानांना छान जमे. मग काय, भाजीवर माव्याची कीड पडली की सारं गाव त्यांच्या दारात! "मी थकी गऊ रे भाऊ. पन मावा थकत नई ना," असं कुरकुरत, तोंडाला काही न बांधता ते निघत. त्यांना नाही म्हणता येत नसे, आणि लोकांना ते पक्कं ठाऊक होतं. मला लोकांचा भारी राग यायचा.

चातुर्मासात आमच्याकडे वांगं वर्ज्य. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, मगच खायचं. त्यासाठी गल्लीतल्या घरोघरी नानांच्या मळ्यातली वांगी जात. देण्याआधी त्यांची बायको, नानी, एकेक वांगं हुंगून बघे. पावडरचा वास आला की ते बाजूला.

नानी गेली त्या वर्षी आभाळ धरून राहिलं आणि वांग्याची पानं माव्याने चिकट झाली. नानांनी पावडर मारली ती मारतच राहिले. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी टोपली घेऊन ते आमच्या ओट्यावर टेकले.

"माय, वास ले जरा. लोकेस्ना पोरे खातीन."

मी हुंगत गेले. एकही वांगं धड नव्हतं. तसं सांगितलं. ढोरांच्याही तोंडी नको म्हणून मळ्यातली सगळी वांगी नानांनी खड्ड्यात पुरली.

दुसऱ्या दिवशी गल्लीने बाजारातून वांगी आणली. नानांना मी आमच्याकडेच जेवायला बसवलं. त्यांनी रोडगा मोडला आणि भरताकडे बघत विचारलं, "माय, या वांगास्ना वास कोनी लिधा?"

ती मी हुंगलीच नव्हती. नानांनी भरीत बाजूला सारलं आणि नुसता रोडगा डाळीत कुस्करून खाल्ला.

नाना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. बाजारात मी वांगं नाकाशी धरलं की भाजीवाली हसते.

"अक्का, आजकालनी दवाईले वासच ऱ्हात नई," म्हणते.