गच्चीवरचं बेकन

माझा धाकटा भाऊ चौदा वर्षं अमेरिकेत राहून जालन्याला परत आला, तेव्हा त्याच्याबरोबर दोन बॅगा होत्या. तीन महिन्यांनी बोटीनं एक मोठं लाकडी खोकं आलं. तिकडची नोकरी सुटली होती, संसार मोडला होता, मुलगी आईकडे राहिली होती. एवढं सगळं तिकडेच ठेवून आलेल्या माणसानं बोटीनं काय मागवलं असेल, या विचारानं मी खोकं उघडताना जवळ उभी राहिले. आतून चाकांची एक काळी पत्र्याची भट्टी निघाली. आडव्या पिंपासारखं पोट, त्यावर झाकण आणि बाजूला सरपण भरायची पेटी.

"ह्याच्यात काय करतात?" मी विचारलं.

"सगळंच होतं आक्का. आम्ही रविवारी सकाळी बेकन करायचो. मी अन् ती."

ती म्हणजे त्याची मुलगी. बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या मांसाच्या खारवलेल्या पातळ पट्ट्या, हे त्यानंच सांगितलं. ऐकल्यावर माझी नजर आपोआप मायच्या खोलीकडे गेली.

माय माळकरी. गावाकडचं, धावड्याचं शेत बटईनं कसायला देऊन आम्ही जालन्यात मस्तगडला राहायला आलो त्याला तीस वर्षं झाली, पण तिच्या सैपाकघरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती वॉकर धरून खोलीतून संडासापर्यंत जाते, बाकी सगळं मी करते. माझं लग्न झालं नाही. पहाटे पाचला उठायचं, तिचं अंग पुसायचं, डबा करायचा, दहाला ऑफिस गाठायचं, सहाला घरी यायचं. भाऊ परत आल्यावर हे ओझं निम्मं होईल असं मला वाटलं होतं. तो आला आणि पहिले सहा महिने खोलीत झोपून राहिला. पोळ्या तेवढ्या चार वाढल्या.

नोव्हेंबरात कळलं की नाताळच्या सुट्टीत मुलगी तीन आठवडे आमच्याकडे येणार. तेरा वर्षांची पोर, ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर मुंबईपर्यंत येणार होती. त्या दिवसापासून भाऊ उठून बसला. दाढी केली आणि गच्चीवर जाऊन भट्टीवरची ताडपत्री काढली.

आधी त्यानं मायला विचारलं. मी दारात उभी होते. काय करणार, कशाचं करणार, काही लपवलं नाही. माय बराच वेळ पांघरुणाचं टोक चाचपत बसली.

"पोरगी येऊन राह्यली ना?" ती म्हणाली. "मंग कर. पण गच्चीवरच. माझ्या भांड्याला लावायचं न्हाई, अन् खाली आणायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

आता भट्टी चालू करायची होती, आणि ती काही केल्या चालेना. ती तिकडच्या विजेवर चालणारी, आपल्या निम्म्या दाबाची. जुन्या जालन्यातल्या एका मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून भावानं वीज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर बांधून घेतला. मग सरपणाची अडचण आली. त्या भट्टीला लाकूड चालत नाही. दाबलेल्या भुशाच्या, खडूच्या तुकड्यांसारख्या गोळ्या लागतात. खोक्यात दोन पोती आली होती. एका पोत्यात पावसाळ्यात पाणी शिरून गोळ्या फुगल्या होत्या, त्यांचा नुसता भुसा झाला होता. कोरड्या गोळ्या रविवारसाठी राखायच्या म्हणून भावानं त्यातलाच थोडा चाळून घातला, तर पेटीतून आगीकडे गोळ्या ढकलणारा मळसूत्री दांडा गच्च अडकला. दोन दिवस तो गच्चीवर बसून स्क्रू काढत होता, दाभणानं भुसा उकरत होता. शेवटी कोरड्या गोळ्यांवर ती पेटली. मी ऑफिसातून आले की वर चहा नेऊन द्यायचा, हे एक नवीन काम झालं.

खरा प्रश्न बेकनचा होता. जालन्यात ते मिळेना. छत्रपती संभाजीनगरला एका दुकानात गोठवलेलं मिळतं, असं त्यानं शोधून काढलं, आणि नेमकं माझं तिथे ऑफिसचं दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं.

"आणशील ना आक्का? बर्फ टाकून दे म्हणावं."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला त्याला समजवावं लागलं असतं, तेवढी ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. उभ्यानं प्रवास करणारी माणसं अंगावर झुकत होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय ओ त्याच्यात? मासे का?" मी म्हटलं, "औषध हाय. मायचं." घर येईपर्यंत डब्यातून पाणी गळून माझी साडी गुडघ्यापर्यंत ओली झाली होती. डबा ठेवायला भावानं शेजाऱ्यांच्या दुकानातल्या आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये जागा मागून घेतली होती. त्यांनाही औषधच सांगितलं.

मुलगी आली. उंच, बापासारखी पुढे झुकून चालणारी. मराठी समजायची, बोलायचीही, पण प्रत्येक शब्द आधी मनात तपासून. आजीच्या पलंगावर बसून तिचे सुजलेले पाय चेपायची. भाऊ सारखा तिच्या मागेपुढे. "रविवारी बघ तू. तसंच होतं का न्हाई बघ." ती हसायची आणि दुसरीकडे बघायची. माझ्या ते लक्षात आलं होतं. पण वेळ काढून विचारावं असं काही मला वाटलं नाही.

रविवारी सकाळी भाऊ वर भट्टी तापवत होता. मी खाली मायची गादी उलटत होते. मुलगी दुसऱ्या बाजूनं गादी धरायला आली आणि हळूच म्हणाली, "आत्या, मी मीट खात नाही आता."

"कधीपासून?"

"सहा महिने झाले. बाबाला सांगितलं नाही. तो फोनवर सारखं त्या रविवारचंच बोलतो. मग मला सांगता येत नाही."

त्या क्षणी मला तिची दया यायला हवी होती. मला आला तो राग. मांडीवरचा डबा, गच्चीच्या पायऱ्या, शेजाऱ्यांशी बोललेलं खोटं, सगळं एकदम अंगावर आलं. कंबर ठणकत होती. मी म्हटलं, "एक तुकडा खाऊन घे अन् मोकळी हो. मरत न्हाई माणूस एका तुकड्यानं."

ती चादर नीट खोचून वर गेली.

मी गेले तेव्हा भावानं पट्ट्या जाळीवर ओळीनं मांडल्या होत्या. झाकण लावलेलं, बाजूच्या धुराड्यातून निळसर धूर निघत होता. लाकडाचा वास आणि त्याच्यामागून चरबीचा, जड. भट्टीला टांगलेल्या डबीत तूप पडल्यासारखं टिप टिप पडत होतं. भाऊ घड्याळ बघत होता. वीस मिनिटं झाल्यावर झाकण उघडलं, तेव्हा पट्ट्या आक्रसून, कडांना वळून तांबूस झाल्या होत्या. परत आल्यापासून त्याचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता. खास विकत आणलेल्या चिमट्यानं त्यानं पहिली पट्टी नव्या ताटलीत घेतली, फुंकर मारली आणि तिच्यापुढे धरली.

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तुकडा मोडून तोंडात घातला. चावला. पुन्हा चावला. तिचे डोळे पाण्यानं भरले, आणि ती टाकीजवळच्या मोरीकडे धावली.

भाऊ माझ्याकडे वळला. "तू बर्फ बराबर टाकलं न्हाई का? खराब झालंय हे! एक काम सांगितलं तुला, एक!"

तो म्हणत होता ते चूक होतं, पण माझी चूक होतीच, आणि ती त्याला माहीत नव्हती.

"बाबा, खराब नाहीये," मुलगी तोंड पुसत म्हणाली. "मी खात नाही आता. जूनपासून. मी सांगायला पाहिजे होतं."

मग भावानं जाऊन भट्टी बंद केली. बंद केल्यावरही तिचा पंखा आतली आग विझेपर्यंत दहाएक मिनिटं चालतो. तो घोंघावत राहिला. भाऊ पाठ करून उभा होता. मला वाटलं, आता हा खाली जाऊन पुन्हा सहा महिने झोपणार.

तो वळून म्हणाला, "मंग सकाळी काय खाते तू?"

"टोस्ट. शनिवारी पोहे. मी करते, व्हिडिओ बघून."

"तुला पोहे येतात?"

"येतात. पण चिकट होतात."

त्याचा चिमटा हातातच होता. "मला म्हाईत न्हाई," एवढंच म्हणाला, आणि थोड्या वेळानं परत, "मला काहीच म्हाईत न्हाई तुझं." ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. हातबित काही धरला नाही. नुसती उभी राहिली.

खालून मायची हाक आली. "काय झालं गं? पोरगी का ओकली?" तिचे कान अजून तिखट आहेत. मी जिन्यातूनच सांगितलं, "काही न्हाई, पोहे करून राह्यलेत." ते ऐकून दोघं हातपाय धुऊन सैपाकघरात गेले. कढीपत्ता कुठंय, हळद कुठंय, असं विचारत राहिले. एरवी मी उठून काढून दिलं असतं. त्या दिवशी गच्चीच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिले. ताटलीत पट्ट्या गार होत होत्या. टाकून द्यायला जीव होईना म्हणून एक खाल्ली. खारट लागली, धुराची लागली, कुरकुरीत होती. आवडली की नाही, ते आजही सांगता येणार नाही. बाकीच्या पट्ट्या भावानं दुपारी वर एकट्यानं बसून संपवल्या.

पोहे चिकटच झाले होते. मायनं दोनदा मागून घेतले.

मुलीनं बापाला कधीच सांगितलं नाही की तुकडा मी खायला लावला. जायच्या आदल्या दिवशी तिच्या वेणीला रबर लावताना मी म्हटलं, "त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं." ती म्हणाली, "तू दमली होतीस आत्या." तेरा वर्षांच्या पोरीनं मला तसं सांगावं याची लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

भाऊ आता बियाण्याच्या एका गोदामात हिशेबनीस आहे. रविवारी मुलीचा फोन येतो तेव्हा तो मोठ्यानं बोलतो आणि जास्त वेळ ऐकतो. रविवारी मायचं अंगही तोच पुसतो. पाणी नेहमी गार आणतो, माय ओरडते, मी कूस बदलून पडून राहते.