दिवाळीत पुकारलेलं वजन

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. दोनदा नवी वही आणली. एकीत किराण्याची यादी लिहिली गेली, दुसरीत माझ्याच औषधांच्या वेळा. आता विचारणारं कोणी उरलं नाही म्हणून लिहितो आहे, असं म्हणणंही सोयीचंच होईल. विचारणारी होती तेव्हा मी खोटं सांगितलं, एवढंच खरं.

मी नंदुरबारच्या मिरची बाजारात मापाडी होतो. शेतकरी ओली लाल मिरची आणायचा, हमाल पोतं काट्यावर टाकायचे, मी दांडीवरचं वजन सरकवायचो आणि आकडा मोठ्याने पुकारायचो. पुकारलं की लिहिणारा लिहायचा. शेतकरी, व्यापारी, कोणीही वाकून दांडीकडे बघायचं नाही. ती आमच्याकडची रीतच होती. मापाड्याने पुकारलं म्हणजे झालं. छत्तीस वर्षांत माझा आकडा कोणी दुसऱ्यांदा तपासला नाही.

पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले. आकडा सगळ्यांनाच दिसू लागला, तेव्हा पुकारायचं काय कारण? मी निवृत्त झालो, आणि जाताना माझा जुना लोखंडी काटा भंगाराच्या भावात विकत घेऊन घरी ओसरीवर ठेवला. बायको म्हणाली, "यावर आता काय तोलणार? मला?" मी हसलो, पण तेव्हापासून रोज सकाळी तो पुसत होतो.

दोन वर्षं अशी गेली. सकाळी बाजाराकडे जायचो, तर लोक नमस्कार करायचे आणि पुढे निघून जायचे. मला कोणी काही विचारत नव्हतं. ज्याने हे भोगलं नाही त्याला सांगून कळणार नाही, आणि मला त्याची सबबही करायची नाही. पण सुरतच्या एका कंपनीचा टायवाला माणूस आला तेव्हा मी कसा होतो हे सांगायला हवं.

त्याच्याकडे वजन कमी करायची पावडर होती, एक हिरवट चहा होता आणि कॅप्सूल होत्या. शरीर म्हणजे भट्टी, असं तो सांगायचा. भट्टी मंद झाली की चरबी साठते; कॅप्सूलने भट्टी पेटते आणि चरबी जळते. कॅप्सूलमध्ये काय, तर चहाच्या पानांचा अर्क, कसल्याशा आंबट फळाच्या सालीचा अर्क आणि मिरचीचा अर्क. मिरची ऐकल्यावर मी सरसावून बसलो. जन्मभर जी तोलली ती आता औषध म्हणून डबीत भरून परत आली होती. तो म्हणाला, "काका, या गावात तुमच्या शब्दाला किंमत आहे. तुम्ही फक्त लोकांचं वजन करा." पैसाही मिळणार होता, नाही कशाला म्हणू. पण मला खेचलं त्या दुसऱ्या वाक्याने.

दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर माणसं जमू लागली. कंपनीने दिलेला काचेचा काटा मी कपाटात ठेवला. लोकांनाही माझा लोखंडीच हवा होता. माणूस दांडीकडे पाठ करून उभा राहायचा, मी मागे उभा राहून वजन सरकवायचो आणि बाजारातल्यासारखं पुकारायचो. कमी भरलं की टाळ्या पडायच्या.

माझा एक जुना हमाल सोबती पायरीवर बसून हे बघायचा. एकदा त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "मापाडी, मिरचीवरी चरबी गयस म्हनतस ना तुम्ही? मंग आम्हीन चाळीस वरीस मिरचीना पोता वाह्यात. आमनी चरबी मिरचीमुये गई का वझामुये?" सगळे हसले. मी त्याला म्हणालो, "तू चहा पी आणि गप बस."

खरं तर मला एक गोष्ट पक्की माहीत होती, आणि ती मी कोणाला सांगितली नाही. ओली मिरची पथारीवर, म्हणजे वाळवायच्या मैदानावर, पसरली की पहिल्या काही दिवसांत वजन झरझर उतरतं. ते पाणी असतं. मिरची तीच असते. खाणं एकदम कमी केलेल्या माणसाचं पहिल्या पंधरवड्यात जे उतरतं त्यातलं बरंचसं तसंच असणार, हे ओळखायला मला कोणा डॉक्टरची गरज नव्हती. तरी मी चरबी जळाली म्हणूनच पुकारत राहिलो.

आता बहिणीचं.

माझी धाकटी बहीण शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला राहायची. नवरा साखर कारखान्यात होता, तो लवकर गेला. मुलगा आणि सून तिच्याजवळ होते. ती दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी माझ्याकडे यायची. खापरावर मांडे करावेत तर तिनेच. पीठ हातावर फिरवत फिरवत ते चादरीएवढं करायची. पण गुडघे गेले आणि तिला चुलीपुढे बसता येईना. शरीरही सुटलं होतं. तिला थायरॉईड होता. त्याची एक बारीक पांढरी गोळी ती रोज सकाळी उपाशी पोटी घ्यायची.

त्या वर्षी आखाजीला दारच्या लिंबाला झोका बांधला होता. गल्लीतल्या माहेरवाशिणी एकेक करून बसत होत्या. ती उठली, दोर धरला, तेवढ्यात मी ओसरीवरून ओरडलो, "थांब बाई, पहिले काटावर चढ. लिंबले इचारी लेऊ!" हशा पिकला. सगळ्यात जास्त तीच हसली. पण झोक्यावर बसली नाही. नंतर स्वयंपाकघरात ती मला हळूच म्हणाली, "भाऊ, खरंच मी इतली जाड दिसस का?"

डॉक्टरांनी तिला गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगितलं होतं. अट एकच, वजन पंच्याहत्तरच्या आत यायला हवं. ती तेव्हा ब्याऐंशी होती. "एकदा व्हई जावो," म्हणायची, "मंग मी चुलीमोरे मांडी घालीसन बसस का नही, देख." डॉक्टरांनी मांडी घालायची नाही असं सांगितलं होतं, पण ते तिने ऐकूनच घेतलं नव्हतं. एसटीच्या पायऱ्या चढायला तिला कंडक्टरचा हात लागायचा, त्याची तिला लाज वाटायची. एवढंच हवं होतं तिला. स्वतःच्या पायांनी गाडीत चढायचं आणि चुलीपुढे बसायचं.

मी तिला पावडर दिली, कॅप्सूल दिल्या. तिने डबी उलटसुलट बघितली आणि विचारलं, "भाऊ, हाई गोळी आन ही कॅप्सूल, दोन्हीबी उपाशी पोटे लेवान्या शेतस. पहिले कोन्ती लेऊ?"

हा प्रश्न बरोबर होता. तो डॉक्टरला विचारायचा प्रश्न होता. मी त्या टायवाल्यालाही विचारला नाही. मी म्हणालो, "सकाळी कॅप्सूल घे. ती गोळी राहू दे काही दिवस. एका वेळी एकच औषध लागू पडतं."

"बरं," ती म्हणाली.

पहिल्या महिन्यात ती एकोणऐंशीवर आली. रात्रीची भाकरी सोडून पावडरचं पाणी पीत होती, उतरणारच. ओसरीवर टाळ्या झाल्या. मी तिला पुढे उभं करून लोकांना सांगितलं, बघा, ही माझी सख्खी बहीण.

मग पावसाळाभर तिला ओसरीवर यायला जमलं नाही, आणि तिचा चेहरा भरू लागला. डोळ्यांखाली सूज आली. आवाज घोगरा झाला. दिवाळीआधीच्या उन्हात माणसं पंख्याखाली बसायची आणि ती स्वेटर घालून. बोलता बोलता डुलकी लागायची. मी म्हणालो, उपासाने अशक्तपणा येतोच.

दिवाळीतल्या रविवारी ओसरी भरलेली होती. नवापूरहूनही चारपाच जण आले होते. ती काट्यावर चढली, म्हणजे मीच हात देऊन चढवली. तिने दांडीकडे पाठ केली आणि लोकांकडे बघून हसली. मी वजन सरकवलं. दांडी समतोल होईना. अजून सरकवलं. पंच्याऐंशी.

मला आठवतं, माझा हात दांडीवर तसाच राहिला. समोर सगळे थांबलेले. तिने मान न वळवता विचारलं, "कितलं रे भाऊ?"

मी पुकारलं, "सत्त्याहत्तर!"

छत्तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते एका श्वासात झालं. टाळ्या पडल्या. ती उतरली आणि तिने दोन बोटं वर केली. दोनच किलो राहिले. पायरीवरच्या हमालाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं. चहा न घेता तो उठून गेला. पुन्हा कधी आला नाही. पोत्याकडे नुसतं बघून वजन सांगणारा माणूस होता तो.

दोनच किलो राहिले म्हणून तिने खाणं आणखी तोडलं. मला न विचारता कॅप्सूलही दोन दोन घेऊ लागली. संक्रांतीनंतर ऑपरेशनच्या तपासणीला मी तिच्याबरोबर गेलो. नर्सने तिला काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याऐंशी.

"तुमना काटा बिघडेल शे, बहीन," ती नर्सला शांतपणे म्हणाली.

"आजी, मशीन आहे ते. कालच तपासलंय."

"मन्हा भाऊ मापाडी शे. हाऊ काय, आठेच उभा शे. त्यानी पुकारेल वजन शे. खोटं कसं ऱ्हाई?"

नर्सने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचा तक्ता वाचत होतो.

डॉक्टरांनी नाडी बघितली, घोटे दाबून बघितले, डोळ्यांखाली बघितलं. रक्त तपासायला पाठवलं. मग विचारलं, "थायरॉईडची गोळी चालू आहे ना?"

तिने मानेनेच नाही म्हटलं.

"कोणी बंद करायला सांगितली?"

मी तिच्या खुर्चीमागेच उभा होतो. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "कोनी नही, साहेब. मीच इसरी जास. उमर व्हयनी ना आते."

बोलायची जागा तीच होती. मी खाली पडलेली तिची पिशवी उचलली.

ऑपरेशन रद्द झालं. तिला दवाखान्यात ठेवलं. हृदयाभोवती पाणी साठलं होतं. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं आणि कोणा दुसऱ्याचं विचारतो आहे असं दाखवत विचारलं, या कॅप्सूलने चरबी खरंच जळते का? ते थकलेले होते, तरी थांबले. म्हणाले, "मिरचीने, चहाने शरीर थोडी जास्त उष्णता खर्च करतं, नाही असं नाही. पण ते काट्यावर जेमतेम दिसेल, दिसलं तर. काहींची धडधड वाढते, काहींचं यकृत बिघडतं. आणि तुमच्या बहिणीची गोष्ट वेगळी आहे. त्यांची भट्टी ती गोळीच पेटवत होती. तीच बंद पडली." त्यांनी भट्टी हाच शब्द वापरला. त्यांना काही माहीत नव्हतं, सहज वापरला.

घरी आल्यावर मी उरलेले डबे नाल्यात टाकले. ओसरीवर जमणाऱ्यांना तब्येत बरी नाही असं कळवलं. खरं कारण एकालाही सांगितलं नाही. त्यांच्यातल्या कोणी कुठली गोळी बंद केली होती का, हेही विचारलं नाही. आज ते सगळ्यात जास्त बोचतं. काटा अजून ओसरीवर आहे. तो मात्र मला टाकवला नाही.

गोळी पुन्हा सुरू झाल्यावर तिची सूज उतरली, आवाज परत आला. पण हृदय अशक्त झालं होतं. ऑपरेशनचं नाव डॉक्टरांनी पुन्हा काढलं नाही. ती खुर्चीवर बसून राहू लागली.

पुढच्या आखाजीला ती येऊ शकली नाही, म्हणून मीच पुरुषोत्तमनगरला गेलो. त्या दिवशी बहीण भावाकडे येते, भाऊ बहिणीकडे जात नाही. गल्लीतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी आंबे नेले होते, आणि बायकोने केलेले मांडे, जाडजूड. तिने एक घास घेतला आणि म्हणाली, "वहिनीले सांग, पीठ आजून मळानं व्हतं."

सून आत चहा करत होती. आम्ही दोघंच होतो. तिने पदराने हात पुसले आणि विचारलं, "भाऊ, दिवाळीले तू जे वजन पुकारं, ते खरं व्हतं का रे?"

रागाने विचारलं नव्हतं. मला वाटतं तिला ठाऊक होतं, फक्त माझ्या तोंडून हवं होतं. तिने मला ती जागा स्वतःहून करून दिली होती.

मी म्हणालो, "खरं होतं, बाई."

तिने रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मंग मन्हंच कायतरी चुकनं व्हई."

सून चहा घेऊन आली. मी पाचच्या गाडीने निघालो. गाडीत नंदुरबारपर्यंत मी शब्द जुळवत होतो, पुढच्या खेपेला सांगायचं म्हणून. पुढच्या खेपेला तिच्याकडे पाहुणे होते. त्याच्या पुढच्या खेपेला ती झोपली होती आणि मी तिला उठवलं नाही. श्रावणात ती गेली. ते जुळवलेले शब्द माझ्याजवळच राहिले, ते असे:

बाई, दिवाळीला काट्यावर पंच्याऐंशी होतं. मी सत्त्याहत्तर पुकारलं. गोळी मीच बंद करायला सांगितली होती, तू विसरली नव्हतीस. तुझं काही चुकलं नाही. मला माफ कर.