बोडकी गाडी

सिद्धलिंगप्पाचं गाड्यांवरच्या क्रोमबद्दल स्वतःचं एक शास्त्र होतं आणि ते ऐकून घेणारं माणूस सगळ्या अफजलपुरात एकच होतं. मी नव्हे. माझं बॅटरीचं दुकान त्याच्या दुकानासमोरच आहे, पण त्या चकचकीत पट्ट्यांचा मला मनापासून कंटाळा. ऐकायची ती मल्लेश्वरी, शेजारच्या खानावळीची मालकीण.

बायको वारल्यापासून सिद्धलिंगप्पा दुपारी खानावळीचं जेवायचा. ताट मल्लेश्वरी स्वतः आणायची आणि त्याचं जेवण होईपर्यंत दुकानातल्या स्टुलावर बसायची. गाड्यांचा साज विकणारा हा माणूस भाकरी मोडता मोडता तिला सांगायचा, काचेखाली क्रोमची बारीक पट्टी हवीच, दाराच्या मुठीला हवी, पण चाकाच्या कमानीला लावली की गाडीचा बँडबाजा होतो. "आन् पुढच्या जाळीला?" ती विचारायची, की हा पुन्हा सुरू. दिवसभरात तेवढंच काय ते त्याचं बोलणं. एरवी भिंतीला टेकून रस्ता बघत बसायचा. तिच्यावरून चिडवलं की लाजायचा, आणि पन्नाशी उलटलेला गडी लाजताना बघून मला हसू आवरायचं नाही.

मग एका दुपारी करजगीचा शिवप्रसाद नवी गाडी घेऊन आला. हल्लीच्या फॅशनची, जाळी काळी, मुठी काळ्या. "काचेखालची पट्टी तेवढी चमकायलीय अण्णा, ती बी काळी करा," म्हणाला.

सिद्धलिंगप्पाचं डोकं फिरलं. "नव्या गाडीला बोडकी करायलास? कामून? बघवंना झालंय तिच्याकडं! दारात उभी केली तर घराला अवकळा येईल."

क्रोम नसलेल्या गाडीला आमच्या रस्त्यावर सगळेच बोडकी म्हणतात. मीही म्हणतो. पण त्या वेळी मल्लेश्वरी ताट घेऊन दारात उभी होती. नवरा वारल्यापासून तिच्या गळ्यात मंगळसूत्र नाही, इष्टलिंगाचा दोरा तेवढा, आणि बांगड्यांविना हात मोकळे. तिनं ताट ठेवलं आणि न बसता निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ताट यायचं, पण ते खानावळीत भाकऱ्या करणारी बाई आणायची. सिद्धलिंगप्पा जेवण गार होईपर्यंत दाराकडे बघत राहायचा. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. शेवटी मी त्याला झापलं, "मुक्यावानी बसून काय हुतंय? जा, बोल तिच्याशी." एकट्याचा पाय उचलेना, म्हणून मीही सोबत गेलो.

खानावळीत गिऱ्हाईक नव्हतं. ती तांदूळ निवडत होती.

"मी गाडीला म्हणलो," तो म्हणाला. "तुमाला न्हाई म्हणलो."

"व्हय, गाडीलाच म्हणला," मान वर न करता ती म्हणाली. "मला म्हणला असता तर मी भांडले असते, अन् दुसऱ्या दिशी आले असते. रागात माणूस कायबी बोलतंय. पर तुमी मनातलं बोलला. मोकळा गळा बघून तुमाला काय वाटतंय ते कळलं मला. इतके दिस मी तुमच्या म्होरंच बसायले की."

सूप तिच्या हातात तसंच थांबलं होतं. ती वाट बघत होती, हे मलासुद्धा कळलं. नुसतं "न्हाई" म्हणाला असता तरी ती परत आली असती. सिद्धलिंगप्पा खाली बघत उभा राहिला. त्याला खोटं बोलता येत नाही.